भातफुलांवरचे पाखरू

ज्याचे वजन जेमतेम २०-२५ ग्रॅम भरते, अशा पाखरात खाण्याजोगे ते काय असणार? तरीही दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतात या दोन घासांपायी एका विपुल पक्षिजातीचा निर्वंश होण्याची वेळ आली. हा पक्षी म्हणजे पिवळ्या छातीचा भारीट. आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीच्या कणसांवर काळ्या डोक्याच्या भारिटांचे थवे तुटून पडतात, त्यांचाच हा भाऊबंद.

एके काळी फिनलंडपासून जपानपर्यंत पसरलेल्या प्रदेशात त्याची वीण होई आणि थंडी पडू लागताच तो चीनमार्गे दक्षिणेकडे येई. क्वांगतुंगमध्ये त्याचे आगमन भात फुलोऱ्यावर असताना होई. म्हणून लोकांनी त्याला ‘भातफुलांवरची चिमणी’ असे गोड नाव दिले. नाव गोड, हेतू मात्र निराळा! भाताची नासाडी करणारे पाखरू जाळ्यात धरून खाल्ले तर त्यात वावगे काय, हा शेतकऱ्याचा जुना हिशेब. आणि तो अगदीच गैर होता असे म्हणवत नाही. पुढे त्याच्या मांसाने अंगी बळ येते ही समजूत दृढ झाली. जिनसेंग ही चिनी वैद्यकातील मोलाची शक्तिवर्धक मुळी. या पाखराला ‘आकाशातील जिनसेंग’ म्हणू लागले. १९८० नंतर लोकांच्या हाती पैसा खेळू लागला, तसे शेतकऱ्याच्या घरचे हे खाणे धनिकांच्या मेजवानीत प्रतिष्ठेचे पक्वान्न होऊन बसले.

त्यातून पक्ष्याची सवयही त्याच्या मुळावर आली. रात्री तो बोरूच्या बनात हजारोंच्या संख्येने वस्तीला उतरतो. लांब जाळे लावले की थवाच्या थवा हाती लागे. १९९७ साली चीनने ही शिकार बेकायदा ठरविली, पण चोरटा व्यापार चालूच राहिला. २००१ साली एकट्या क्वांगतुंगमध्ये दहा लक्ष पाखरे फस्त झाली असावीत, असा अंदाज आहे! १९८० ते २०१३ या काळात जगातील या जातीची संख्या ८४ ते ९५ टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासकांनी दाखविले. फिनलंडात तर त्याची घरटी आढळेनाशी झाली.

थव्याने राहणाऱ्या पक्ष्यांची विपुलता अशी फसवी असते. अमेरिकेतील कोट्यवधी प्रवासी पारवे याच रीतीने बाजारासाठी मारले गेले व त्यांतील शेवटची मादी १९१४ साली सिन्सिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. भारिटावर ती पाळी अद्याप आलेली नाही. २०१७ साली त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली आणि २०२१ साली चीनने त्याला पांडाच्या बरोबरीचे, पहिल्या श्रेणीचे संरक्षण दिले.