जुलैचं ऊन मऊ नसतं



कपाशीची कोळपणी चालू आहे. परवा आभाळ होतं, वारा गार होता, म्हणून डोक्याचा रुमाल सोडून बांधावर ठेवला. मधूनमधून ऊन पडत होतं, पण चटका काही लागला नाही. रात्री मान आणि कान असे चुरचुरले की उशीवर डोकं टेकवेना. मे महिन्यात असं कधी झालं नव्हतं.

शोधलं, तर हा घोळ जुनाच निघाला. पूर्वी समज होता की कातडी उन्हाच्या उष्णतेनेच भाजते. १८०१ साली जर्मनीत योहान रिटरने लोलकातून ऊन पाडून जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काही दिसत नाही तिथे, सिल्व्हर क्लोराइड ठेवलं. ते तिथेच सगळ्यात लवकर काळं पडलं. हेच अतिनील किरण. पण ते कातडी भाजतात हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

मग एव्हरार्ड होम नावाच्या इंग्रज सर्जनने स्वतःचेच हात उन्हात धरले. एक उघडा, दुसऱ्यावर काळं कापड. कापडाखाली पारा जास्त चढला, पण फोड आले उघड्या हाताला! हे १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापलं. भाजणारे किरण अतिनीलच, हे मात्र स्वीडनच्या विडमार्क नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने १८८९ साली दाखवलं.

आता आपला हिशोब. धुळं कर्कवृत्ताच्या खाली, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: २५ मेच्या आसपास आणि पुन्हा १८-१९ जुलैला. म्हणजे कोळपणीच्या दिवसांत किरण मे इतकेच उभे पडतात, फक्त गारव्यामुळे कळत नाही. पातळ ढग तर त्यांना फारसे अडवतही नाहीत. दिवसाचंही तसंच. पारा तीन-चार वाजता चढतो, किरणांचा जोर मात्र साडेबाराच्या सुमारास. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असली की जोर आहे समजा.

आजोबांच्या पिढीचं पागोटं गेलं आणि टोपी आली. टोपीने टाळू झाकते, कान-मान उघडेच. त्यापेक्षा निंदणीला येणाऱ्या बाया शहाण्या, लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्यावरून रुमाल.

आपल्या सावळ्या कातडीला थोडं संरक्षण जन्मजात आहे. डोळ्यांना नाही. बुबुळावर मांस चढतं, ते वडस, उन्हात राबणाऱ्यांनाच जास्त होतं. आमच्या घरात दोघांना आहे. या हंगामात मी रुंद काठाची हॅट घेतली. गडी हसले, पण दुसऱ्या दिवशी एकाने किंमत विचारली.