‘द रेस्ट’ संघ (मुंबईचे पंचरंगी सामने)

मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांतील पाचवा संघ. कालखंड 1937-38 ते 1945-46. हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन या चार संघांत जे बसत नव्हते, ते भारतीय ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध खेळाडू या संघातून खेळत. विजेतेपद त्याला एकदाही मिळाले नाही. तरीही या स्पर्धेतील सर्वांत थोर खेळी याच संघाच्या नावावर आहे.

पारशी आणि युरोपियन यांच्या लढतींतून ही स्पर्धा वाढली. 1907 मध्ये हिंदू आल्यावर ती तिरंगी झाली, 1912 मध्ये मुस्लिम आल्यावर चौरंगी. 1937 मध्ये चर्चगेटजवळ ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले, सामने बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावरून तिकडे गेले आणि ‘रेस्ट’ला प्रवेश मिळाला. मात्र प्रेक्षकांच्या जागांच्या वाटपावरून हिंदू संघाने त्या वर्षी अंग काढून घेतले. त्यामुळे पहिल्या ‘पंचरंगी’त प्रत्यक्षात चारच संघ उतरले.

‘रेस्ट’ने दोनदा अंतिम फेरी गाठली. 1940-41 मध्ये मुस्लिम संघाने त्याला हरवले. दुसरी अंतिम लढत डिसेंबर 1943 मधली, हिंदू संघाविरुद्धची. त्या मोसमात फलंदाजीच्या विक्रमासाठी दोन माणसांची चुरस लागली होती. सांगलीत जन्मलेल्या मराठी ख्रिस्ती विजय हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध 248 धावा काढून स्पर्धेतील वैयक्तिक उच्चांक नोंदवला. अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी नाबाद 250 धावा करून तो मोडला आणि हिंदू संघाने 5 बाद 581 वर डाव सोडला. ‘रेस्ट’चा पहिला डाव 133 धावांत आटोपला, त्यांत हजारे यांच्या 59. फॉलोऑननंतर पुन्हा पडझड झाली, तेव्हा हजारे बंधूंनी सहाव्या गड्यासाठी 300 धावांची भागी केली. धाकटे विवेक यांचा वाटा अवघा 21 धावांचा. पण मोठ्या भावासाठी त्यांनी लढवलेले दुसरे टोक त्या भागीदारीत तितकेच मोलाचे होते. संघाच्या 387 धावांपैकी एकट्या विजय हजारे यांच्या 309, म्हणजे जवळपास 80 टक्के. सामना डावाने आणि 61 धावांनी गेला. हरणाऱ्या संघाकडून इतकी एकाकी आणि इतकी चिवट झुंज भारतीय क्रिकेटमध्ये क्वचितच दिसली असेल. मर्चंट यांनी त्याच मोसमात रणजी करंडकात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद 359 धावा काढून या चढाओढीत पुन्हा आघाडी घेतली.

धर्मावर आधारलेल्या संघांना विरोध वाढतच होता. डिसेंबर 1940 मध्ये गांधीजींनी या सामन्यांविरुद्ध जाहीर मत दिले आणि हिंदू संघ त्या वर्षी खेळला नाही. 1942-43 मध्ये, छोडो भारत आंदोलनाच्या काळात, स्पर्धा झालीच नाही. विरोधकांचा मुद्दा रास्त होता. फाळणीच्या उंबरठ्यावरच्या शहरात अशी विभागणी चालू ठेवणे धोक्याचे होते. पण याच विभागणीमुळे एरवी दुर्लक्षित राहिलेल्या छोट्या समाजांतील खेळाडूंना ब्रेबॉर्नच्या भरगच्च प्रेक्षकांसमोर खेळता आले, हेही नाकारता येत नाही.

1945-46 च्या मोसमानंतर स्पर्धा बंद पडली आणि तिच्यासोबत ‘रेस्ट’ संघही संपला. हजारे 1946 मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर कसोटीपटू झाले आणि फेब्रुवारी 1952 मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने मद्रासला इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला.