ॲजाइलच्या आधीचे आणि नंतरचे पुणे

पुण्याच्या संगणक-उद्योगाचा इतिहास बहुधा इमारती, निर्यात आणि नोकरदारांच्या संख्येतून सांगितला जातो. प्रत्यक्ष काम करणाऱ्या लहान गटांची रचना कशी बदलत गेली, हा प्रश्न त्यात मागे पडतो. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे जमलेल्या सतरा तज्ज्ञांनी ‘ॲजाइल’ कार्यपद्धतीचा, म्हणजे सॉफ्टवेअर लहान टप्प्यांत, बदल सामावून घेत बांधण्याच्या रीतीचा, जाहीरनामा तयार केला. उत्तम रचना स्वयंसंघटित टीममधून, म्हणजे कामाची वाटणी आणि रीत वरिष्ठांच्या हुकमाविना आपसांत ठरवणाऱ्या गटातून, उदयास येतात, हे त्याचे एक तत्त्व होते. पुण्यात अशा गटांना पोषक परिस्थिती त्याआधी दोन दशके निर्माण झाली होती. तिच्यामागे तत्त्व नव्हते, टंचाई होती.

जुलै १९८१ मध्ये नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली, तेव्हा कंपनीकडे स्वतःचा संगणक नव्हता, आयातीवर परवान्यांचे बंधन होते आणि कामासाठी परदेशी ग्राहकाच्या दारी जाणे भाग होते; सात जणांच्या अशा गटात देखरेखीची उतरंड उभी करण्यास वावच नव्हता. कंपनी १९८३ मध्ये बंगळूरला गेली. त्यानंतर, अमेरिकेने शक्तिशाली महासंगणक देण्यास नकार दिल्यावर, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एका बलाढ्य प्रोसेसरऐवजी अनेक लहान प्रोसेसर परस्परांना संदेश पाठवत एकच गणित सोडवतात, हे या यंत्राचे सूत्र होते. ते उभारणाऱ्या अभियंत्यांनाही, मुदत तुटपुंजी असल्याने, याच धर्तीवर काम करावे लागले असावे, असे अनुमान करण्याचा मोह होतो.

नव्वदच्या दशकात चित्र पालटले. परदेशी ग्राहकाला हजारो मैलांवरच्या कामाची हमी हवी होती, आणि ती ‘सीएमएम’ने, म्हणजे संस्थेच्या कार्यप्रक्रियांची परिपक्वता पाच पातळ्यांवर मोजणाऱ्या अमेरिकी प्रतिमानाने, पुरवली. कागदपत्रे, मंजुऱ्या आणि पदांची उतरंड वाढली. हिंजवडीचे आयटी पार्क विस्तारले तसे, प्रकल्पाविना बसलेल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘बेंच’ हा शब्दही रुळला. याच काळात, १९९० मध्ये आनंद देशपांडे यांनी स्थापन केलेल्या पर्सिस्टंट सिस्टिम्सने इतर कंपन्यांची उत्पादने विकसित करण्याचा मार्ग धरला. उत्पादनाच्या गरजा काम चालू असतानाच बदलत असल्याने आधी सर्व ठरवून मग बांधण्याची पद्धत तेथे अपुरी पडते, आणि म्हणून ॲजाइलला पुढे जी जमीन मिळाली ती काही अंशी अशा कामाने तयार केली, असे म्हणता येईल.

ॲजाइल पुण्यात आले ते मुख्यतः ग्राहकाच्या मागणीने, आणि येताना एक विसंगती घेऊन आले: समोरासमोरचा संवाद हा माहिती पोहोचवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग मानणारी पद्धत, न्यूयॉर्कपेक्षा साडेनऊ ते साडेदहा तास पुढे असलेल्या शहराने वापरायची होती. जाहीरनाम्यावर सही करणारे मार्टिन फाउलर यांनी बंगळूरमधील अनुभवांच्या आधारे लिहिताना दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांकडे जाऊन राहण्यावर भर दिला होता. रशिना होडा आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंड व भारतातील ॲजाइल टीमचा अभ्यास करून दाखवले, की स्वयंसंघटन म्हणजे नेतृत्वाचा अभाव नव्हे: नव्या सदस्यांना पद्धत शिकवणारा मार्गदर्शक, ग्राहकाशी समन्वय साधणारा, व्यवसायाची भाषा तांत्रिक भाषेत आणणारा दुभाषा, वरिष्ठांकडे पद्धतीची बाजू मांडणारा, अशा भूमिका टीममध्येच अनौपचारिकपणे वाटल्या जातात. एखादा सदस्य टीमच्या घडणीला बाधक ठरत असेल तर त्याला हलवण्याची व्यवस्था करणारी भूमिकाही त्यांत आहे, आणि तीच बहुधा सर्वांत अवघड असते.

अशा टीमच्या एकजिनसीपणाची खरी कसोटी मात्र परदेशी ग्राहकाबरोबरच्या संध्याकाळच्या फोन-बैठकीत लागत नाही. ती वार्षिक मूल्यमापनात लागते. वर्षभर सामायिक जबाबदारीने काम केलेल्या माणसांना वर्षाअखेरीस ‘बेल कर्व्ह’वर, म्हणजे ठरावीक प्रमाणातच उत्तम, मध्यम व कमी श्रेणी देणाऱ्या आलेखावर, एकमेकांशी तोलले जाई, त्यामुळे सहकाऱ्याला मदत करणे आणि स्वतःची पगारवाढ सांभाळणे यांत पडणारी तेढ ‘स्क्रम’ या ॲजाइल पद्धतीच्या कोणत्याही प्रशिक्षणाने मिटण्यासारखी नव्हती. काही मोठ्या कंपन्यांनी गेल्या दशकात ही सक्तीची वाटणी सोडली. पण पगारवाढीचा निर्णय त्यानंतरही टीमच्या हाती आला नाही.