माटुंग्याचें मैल्याचें टांकें

ॲक्वर्थ हें नांव मराठी वाचकांस परिचित आहे तें पोवाड्यांमुळें. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनीं १८९१ सालीं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. परंतु मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असतांना त्यांनीं १८९० सालीं माटुंग्यास निराधार महारोग्यांसाठीं जो आश्रम काढिला, त्याच्या आवारांत आमच्या आरोग्याच्या इतिहासांतील एक महत्त्वाचें प्रकरण घडलें, हें फार थोड्यांस ठाऊक असेल.

बंद टांक्यांत मैला आपोआप विरतो, हें फ्रान्सांत मूरा यानें पूर्वींच दाखविलें होतें. १८९५ च्या सुमारास इंग्लंडांत एक्झिटर येथें डोनाल्ड कॅमेरन यानें अशा टांक्यास ‘सेप्टिक टँक’ हें नांव दिलें. आणि १८९७ सालीं माटुंग्याच्या आश्रमांत तशीं टांकीं झालीं. तेथें निघणारा ज्वालाग्राही वायु वाया न दवडतां दिवाबत्तीसाठीं व पुढें एंजिनासाठीं वापरण्यांत आला. समाजानें ज्यांस दूर लोटिलें, त्यांच्याच मैल्यांतून उजेड निघाला!

या टांक्याचें काम साधें आहे. जड गाळ तळाशीं बसतो, तेलकट साय वर तरंगते, आणि हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु गाळाचा बराच अंश पचवून त्याचा वायु करितात. मात्र बाहेर पडणारें पाणी निवळ दिसलें तरी निर्दोष नसतें. विहिरीपासून दूर, शोषखड्ड्यांतून किंवा चरांतून, तें जमिनींत जिरवावें लागतें. न पचलेला गाळही कांहीं वर्षांनीं उपसावाच लागतो.

आम्हीं टांकें घेतलें, पण हीं पुढचीं कर्तव्यें बहुधा विसरलों. तीं न विसरणारे विरळा. पुणें जिल्ह्यांत देहू येथें १९६० च्या सुमारास वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेले डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर हे त्यांपैकीं एक. त्यांनीं घरोघरीं संडास व्हावे म्हणून आयुष्य वेंचिलें आणि मैल्यापासून गॅस करणाऱ्या संयंत्रांचा प्रसार केला. २०१७ सालीं त्यांस मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

इतरत्र गाळ उपसण्यास माणूसच उतरविला जातो. कोणत्याही संरक्षणावांचून असें उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे. तथापि टांक्यांत गुदमरून मजूर मेल्याच्या वार्ता अद्याप येतात. माटुंग्यास जो वायु दिव्याकडे नेला, तोच येथें कोंडून राहतो व इतर विषारी वायूंसह माणसाचा प्राण घेतो. टांकें बांधून घाण दृष्टीआड झाली, एवढ्यानें आमचें कर्तव्य संपत नाहीं. ती पुढें कोणाच्या हातीं जाते, हें विचारणें प्रत्येक घरधन्याकडे लागतें.