आरोग्यविमा आणि मधला माणूस

मराठीत ‘दलाल’ हा शब्द सभ्य माणसाविषयी वापरण्याची सोय राहिलेली नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र वाट दाखवणारा, असा आहे. बाजारात नवख्या माणसाला योग्य दुकानापर्यंत नेणारा तो दलाल. हा वाटाड्या आपल्या भाषेत शिवीच्या पंक्तीला कधी जाऊन बसला, हा भाषाभ्यासकांचा विषय. पण या अर्थांतराचा एक व्यावहारिक परिणाम असा की, विम्याच्या क्षेत्रात ‘ब्रोकर’ नावाचा कायदेशीर माणूस अवतरला तेव्हा त्याला मराठी नाव देताना सगळ्यांचीच पंचाईत झाली. सरकारी अनुवादात तो ‘विमा दलाल’ झाला. व्यवहारात ‘आमचा विमेवाला’ किंवा सरसकट ‘एजंट’. एजंट आणि ब्रोकर यांतील भेद या एका शब्दात बुडाला. प्रस्तुत लेखाचा विषय तो भेद आहे, आणि तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

भारतातील आरोग्यविम्याची सुरुवात विक्रीतून नव्हे, एका अहवालातून झाली, आणि तो अहवाल एका मराठी अर्थशास्त्रज्ञाचा होता, हे आपण फारसे आठवत नाही. प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे १९४३ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल सादर केला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आंबेडकरांचा विचार करताना आपले लक्ष राज्यघटनेकडे आणि, या शहरापुरते बोलायचे तर, १९५० साली त्यांनी येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाकडे जाते. मजूरमंत्री म्हणून त्यांची चार वर्षे वाङ्मयीन चर्चेत जवळपास अनुपस्थित असतात. आडारकरांच्या योजनेचा गाभा साधा होता : कामगार आणि मालक दोघांनी वर्गणी द्यायची, कामगार आजारी पडला की उपचार आणि बुडालेल्या मजुरीचा काही भाग त्याला मिळायचा. त्यात निवड नव्हती, विक्री नव्हती, म्हणून मधला माणूसही नव्हता.

एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला, तेव्हा आजचे छत्रपती संभाजीनगर निजामाच्या राज्यात होते. मराठवाडा मुक्त व्हायला आणखी पाच महिने होते. योजना प्रत्यक्षात २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली. कायदा आरंभी लागू होता तो वीज वापरणाऱ्या, वीस किंवा अधिक कामगारांच्या बारमाही कारखान्यांना. आमच्या शहरात असे कारखाने मोठ्या संख्येने आले ते पुढे चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींबरोबर. १९८५ साली बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना सुरू झाल्यावर त्याच्या आधाराने सुटे भाग बनवणारी शेकडो लहान शेड उभी राहिली. आणि इथेच कायद्याची कड दिसू लागली. सहा माणसांची लेथ चालवणारा वर्कशॉपवाला, गुलमंडीवरचा कापडदुकानदार आणि त्याचे चार नोकर, शिकवणी वर्ग चालवणारे, तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे सहकारी : हे सगळे त्या कडेच्या बाहेर.

त्यांच्यासाठी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ आली. सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून अमलात आले होते आणि १०७ विमाकर्त्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या होत्या. चौघींची पॉलिसी जवळपास एकच. रुग्णालयात किमान २४ तास राहायचे, बिल आधी स्वतः भरायचे, मग कागद जोडून पैसे मागायचे. आधीपासूनचे आजार वगळलेले. निवड करायला काही नसल्यामुळे सल्ला देणाऱ्याचीही गरज नव्हती; फॉर्म भरून घेणारा एजंट पुरत असे.

१९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाले, खासगी कंपन्या आल्या, आणि पहिल्यांदा ग्राहकापुढे वीस प्रकारची कलमे पडली. २००२ साली प्राधिकरणाने ब्रोकरसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांतील मूळ भेद एवढाच : एजंट हा कंपनीचा माणूस, ब्रोकर हा ग्राहकाचा. ब्रोकरने अनेक कंपन्यांच्या पॉलिसी तपासून ग्राहकाच्या गरजेला योग्य ती सुचवायची, दाव्याच्या वेळी त्याच्या बाजूने उभे राहायचे, आणि त्याच्या चुकीने नुकसान झाले तर भरपाई देता यावी म्हणून स्वतःचाही विमा उतरवायचा.

आता यातली गंमत पाहा. माणूस ग्राहकाचा, पण मेहनताना देते कंपनी. मराठवाड्यातल्या कोणालाही ही रचना मोंढ्यावरून ओळखीची वाटावी. अडत्या शेतकऱ्याचा माल विकतो. त्याची अडत कोणी द्यायची हा वाद इतका जुना की, २०१६ साली राज्य सरकारला फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय करावा लागला. शेतकऱ्याच्या खिशातून पैसे जाणे थांबले हे चांगलेच; पण ज्याच्याकडून पैसे मिळतात त्याच्याकडे माणूस झुकतो, हा संशय उरतोच. ब्रोकरविषयीही तो रास्त आहे. म्हणून ‘कोणती कंपनी चांगली?’ हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही. बाकीच्या तीन का नाकारल्या, हे त्याला लिहून मागावे.

लहान व्यावसायिकाच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे. कर्मचाऱ्यांसाठी गटविमा घेतला तर जुने आजार पहिल्या दिवसापासून अंतर्भूत करून घेता येतात, बाळंतपणाचा खर्च बसवता येतो. अट एवढीच की कोणीतरी कंपनीशी घासाघीस केली पाहिजे, आणि सहा माणसांसाठी घासाघीस करायला कंपनी फारशी उत्सुक नसते. इथे ब्रोकर खरोखर उपयोगी पडतो. पण कामगाराने नोकरी सोडली की ते छत्रही जाते, हे मालकाला सहसा कोणी सांगत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला, गटविम्यावरील नाही. तेव्हा चार-पाच माणसांच्या दुकानात प्रत्येकाची स्वतंत्र पॉलिसी काढून मालकाने हप्ता भरावा का, हे गणित आता नव्याने मांडावे लागते.

साहित्याच्या शिक्षकाला या सगळ्यात एक गोष्ट ओळखीची वाटेल : पॉलिसी ही संहिता आहे, आणि तिच्यात ‘रुग्णालय’, ‘आजार’, ‘वाजवी खर्च’ या शब्दांना रोजचे अर्थ नसतात, व्याख्येतले असतात. आपल्याकडे अर्थाची संदिग्धता हे काव्याचे वैभव; न्यायालयात मात्र ती लिहिणाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे कंपनीविरुद्ध वाचली जाते. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने, ग्राहकाने आधी दावा केला होता म्हणून मेडिक्लेमचे नूतनीकरण नाकारणे मनमानी आहे, असा निर्णय दिला. २०२१ पासून विमा लोकपालाकडे ब्रोकरविरुद्धही तक्रार करता येते.

या संहितेतला एकच भाग ग्राहकाच्या नावाने लिहिलेला असतो : प्रस्तावपत्र. ते बहुधा इंग्रजीत असते, दुसराच कोणी भरतो, आणि मधुमेह, रक्तदाब या रकान्यांत सवयीने ‘नाही’ लिहितो. सही आपली असते. २०२४ च्या नियमांनुसार सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, लपवलेल्या माहितीच्या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. त्या ६० महिन्यांत मात्र येतो, आणि तेव्हा रकाना कोणी भरला होता हे कोणी विचारत नाही.