ब्राउझरचा गुण आणि प्रमाणकांचा प्रश्न

चांगला ब्राउझर कोणता, या प्रश्नाचा निकाल बहुधा वेग आणि सोय यांच्या मापाने केला जातो. ब्राउझरचा इतिहास पाहता हे माप अपुरे असल्याचे दिसून येते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर तयार केला. निरनिराळ्या जातींच्या संगणकांवरील माहिती कोठूनही वाचता यावी, हा वेबच्या योजनेमागील हेतू होता. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात निर्माण झालेला मोझेक मजकुरातच चित्रे दाखवीत असल्याने लोकप्रिय झाला.

पुढे नेटस्केप नेव्हिगेटर (१९९४) व मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर (१९९५) यांच्यात चुरस लागली. नेटस्केपने लुकलुकणाऱ्या, तर मायक्रोसॉफ्टने सरकणाऱ्या अक्षरांसाठी स्वतःची वेगळी खूण प्रचारात आणली. एकासाठी रचलेले पान दुसऱ्यात विस्कटू लागले. सामाईक प्रमाणके ठरविण्यासाठी १९९४ मध्येच वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम स्थापन झाले होते. परंतु बाजारातील चढाओढीपुढे त्याचा प्रभाव तोकडा पडला.

विंडोजशी जोडलेला एक्सप्लोरर विजयी झाला. या जोडणीवरून १९९८ साली अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटलाही भरला. २००१ मधील सहाव्या आवृत्तीनंतर सातवी निघाली ती २००६ साली. प्रतिस्पर्धी उरला नव्हता, तेव्हा सुधारणेची निकडही उरली नाही. दरम्यान असंख्य पाने त्या एकाच आवृत्तीच्या वैगुण्यांना अनुसरून रचली गेली होती. परिणामी, तीच सहावी आवृत्ती सोडून द्यावी, यासाठी २०११ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टला मोहीम काढावी लागली!

प्रमाणकांचे मोल मराठी वाचकासही परके नाही. एके काळी मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांना आपापले स्वतंत्र टंक लागत. तो टंक नसल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडचा सर्वत्र स्वीकार झाल्यावरच ही अडचण दूर झाली.

तात्पर्य, प्रमाणकांशी निष्ठा हाच ब्राउझरचा प्रधान गुण होय; कारण वाचकाला ब्राउझर बदलण्याचे स्वातंत्र्य त्यातूनच मिळते. २००८ साली आलेल्या क्रोमचा पाया असलेले क्रोमियम २०२० पासून मायक्रोसॉफ्टच्या एजचाही आधार झाले आहे. नावे अनेक आणि यंत्र एकच, अशा या स्थितीत २००१ नंतरच्या त्या पाच वर्षांचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.