हॉपच्या काठ्या आणि स्वीडनचा कायदा

रयतेने कोणते पीक घ्यावे आणि त्यातील किती वाटा सरकारात भरावा, याविषयीची फर्माने बहुतेक सर्व देशांच्या दफ्तरांत सापडतात. परंतु घराशेजारच्या लहानशा तुकड्यात एका वेलीसाठी किती काठ्या उभ्या असल्या पाहिजेत हे ठरवून देणारा, आणि तो दंडक चार शतकांहून अधिक काळ चालवणारा कायदा विरळाच म्हटला पाहिजे. स्वीडनमध्ये असा कायदा होता. बव्हेरियातून आलेल्या क्रिस्टोफर राजाच्या नावाने 1442मध्ये जी देशसंहिता सिद्ध झाली, तिच्यात प्रत्येक कुणब्याने आपल्या परसात हॉपच्या किमान 40 काठ्या राखाव्यात असे कलम घातले गेले. पुढे ही संख्या वाढत जाऊन 1734च्या राष्ट्रीय संहितेत ती 200वर गेली, आणि 1860मध्ये हे बंधन कायमचे उठले.

या सक्तीमागे राजाची लहर नव्हती, व्यवहाराची निकड होती. त्या थंड मुलुखात बिअर हे चैनीचे पेय नसून खारवलेल्या मासळीबरोबर आणि सुकवलेल्या मांसाबरोबर लहानथोर सर्वांनी रोज प्यायचे पेय होते. हॉपच्या मादी वेलीवर शंकूच्या आकाराचे जे हिरवट तुरे येतात, त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, कडवट, सुगंधी राळ असते, आणि तिच्या योगाने बिअर लवकर नासत नाही. हा गुण जर्मनीतील विदुषी संन्यासिनी हिल्डेगार्ड हिने 12व्या शतकातच नोंदवून ठेवला होता. बिअरमध्ये दलदलीतील सुगंधी झुडपे घालण्याची उत्तरेतील जुनी पद्धत हॉपने हळूहळू मागे टाकली, तेव्हा त्याची मागणी इतकी वाढली की जर्मन व्यापारी शहरांकडून तो विकत आणावा लागे आणि त्यापायी देशातील संपत्ती बाहेर जाई. ती देशातच राहावी, हा त्या कलमाचा हेतू होता.

या कायद्याचे मला सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते ते त्याच्या मोजणीचे. आपल्याकडील जुन्या जमाबंदीत काठी हे जमिनीचे क्षेत्रफळ मोजण्याचे माप होते. स्वीडनच्या कायद्याने मात्र क्षेत्राचा प्रश्नच बाजूला ठेवला आणि उभी काठी हेच लागवडीचे परिमाण मानले. धान्याला मैदान लागते, हॉपला उंची लागते. घरामागचा दगडधोंड्यांचा दक्षिणाभिमुख उतार, जिथे नांगर चालत नाही आणि राईही धड येत नाही, तो कुंपण घालून वेलीला दिला तरी पुरे. शेतीच्या जमिनीतून एक वाफाही कमी होत नाही. जागेच्या टंचाईची सबब कोणालाही सांगता येऊ नये अशी ही रचना होती, आणि ती वेलीचा स्वभाव नीट ओळखूनच केलेली होती.

तो स्वभाव असा. हॉपचे मूळ अनेक वर्षे जगते, पण जमिनीवरचा वेल दर हिवाळ्यात मरतो आणि वसंतात शून्यापासून पुन्हा चढू लागतो. द्राक्षवेलीसारखे ताणे त्याला नसतात. खोडावरील आकड्यांसारख्या राठ केसांनी तो आधार पकडतो आणि देवळात प्रदक्षिणा घालावी तसा, म्हणजे घेवड्याच्या उलट, उजवीकडे वळत वर जातो. म्हणून बर्फ वितळून कोंभ हातभर झाले की त्यांतील दोनतीन जोमदार तेवढे निवडायचे, त्याच दिशेने काठीभोवती वळवून सैलसर बांधायचे आणि उरलेले खुडून टाकायचे, हे कोवळे कोंभ भाजी म्हणूनही खाल्ले जात. उलट दिशेने वळवलेला कोंभ रात्रीत सुटून खाली लोंबू लागतो. जास्त कोंभ ठेवण्याचा मोह धरला तर पाने एकमेकांवर सावली धरतात, आत हवा खेळत नाही आणि तुरे नीट भरत नाहीत. शरदाच्या आरंभी वेल बुडाशी कापून काठी उपटली जाई, घरातील मंडळी भोवती बसून तुरे खुडत आणि ते माळ्यावर वाळवले जात. रिकाम्या काठ्या कुजू नयेत म्हणून एकमेकींना टेकवून उभ्या करून ठेवत.

राजघराण्यालाही हॉपची गरज होतीच. स्टॉकहोममध्ये राजदरबाराच्या गरजेसाठी जिथे हॉपची लागवड होई, ती ‘हुम्लेगोर्डेन’ ही जागा आज सार्वजनिक उद्यान झाली असून देशाचे राष्ट्रीय ग्रंथालय त्याच आवारात उभे आहे. तेथेच लिनीअसचा पुतळाही आहे. याच शास्त्रज्ञाने 1753मध्ये या वेलीला ‘ह्युम्युलस लुप्युलस’ हे शास्त्रीय नाव दिले.

19व्या शतकात परदेशी हॉप सहज मिळू लागला, बिअर घराघरांत न होता कारखान्यांत होऊ लागली, आणि कायदा नाममात्र उरला. 1860नंतर काठ्या मोजणारा कोणी राहिला नाही. तरीही पुष्कळ वेली जगल्या, कारण त्या बियांपासून नव्हे तर मुळांच्या तुकड्यांपासून पिढ्यान्‌पिढ्या लावलेल्या होत्या, आणि ओसाड वाड्यांच्या कुंपणालगत त्यांनी आपले ठाणे सोडले नाही. अलीकडे स्वीडनच्या वनस्पती-वारसा कार्यक्रमाने अशा जुन्या वेली शोधून, त्यांची मुळे जपून राष्ट्रीय संग्रहात आणली आहेत.

या इतिहासातून मला जो अर्थ दिसतो तो इतकाच की, कायद्याने वेल परसात आणली, पण दर वसंतात कोंभ निवडून वळवणाऱ्या हातांनी ती टिकवली. आज शहरातील सज्जात एखाद्या कुंडीतून दोरीवर हॉप चढवणाऱ्या हौशी माणसाला कोणाचीही सक्ती नाही, आणि उंची कमी पडली तर तो दोरी आडवी नेऊन वेल कठड्यावरून फिरवतो. जुन्या कुणब्याने दंडाच्या धाकाने शिकलेली विद्या तो स्वेच्छेने पुढे चालवीत आहे, आणि माझ्या मते त्या विद्येला मिळालेला हाच अधिक भक्कम आधार आहे.